डाग कूलरचा नव्हता

महोदय,

गेल्या वर्षी मे महिन्यात मनीषनगरात दुसऱ्या मजल्यावरचा एक जुना फ्लॅट घेतला. बाहेर रणरणतं ऊन, आत भिंती खडखडीत, ताजा क्रीम रंग. फक्त बेडरूमच्या खिडकीखाली ताटाएवढा पिवळट डाग होता. विचारलं तर मालक म्हणाले, "अहो, कूलरचं पाणी." नागपुरात या उत्तरावर कोण शंका घेणार? मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. रंगाखाली काय दडलंय हे मला तरी कळायला हवं होतं!

जुलैत रंगाला फुगे आले, पोपडे सुटले. कुबट वास कुठून येतो म्हणून कपाट ओढलं, तर मागे कमरेपर्यंत काळीहिरवी बुरशी, मखमलीसारखी दाट. नातीला शिंका आणि रात्रभर खोकला. मिस्त्रीने बाहेरून पाहिलं तेव्हा खिडकीच्या कोपऱ्यापासून गिलाव्याला गेलेली चीर दिसली. आतलं प्लॅस्टर विटेपर्यंत खरवडलं. भिंत वाळून पुन्हा गिलावा व्हायला दिवाळी उजाडली.

घेताना बँकेने तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा अहवाल, मागितला होता. घराची किंमत ठरवणारा व्हॅल्युअर आला, खोल्या मोजून, फोटो काढून गेला. भिंतीला हातही लावला नाही. नव्या इमारतीत ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे बिल्डरला ३० दिवसांत फुकट दुरुस्ती करून द्यावी लागते. आम्हा जुनं घर घेणाऱ्यांसाठी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. माहीत असलेला छुपा दोष विकणाऱ्याने सांगावा, असं त्यात आहे. पण त्यांना माहीत होतं, हे मी कसं सिद्ध करू? कूलर तर खिडकीत होताच.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमधल्या तळमजल्यांत पाणी शिरलं. त्या भिंतींना नवा रंग लागला की गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

माझी मागणी एवढीच की, जुन्या घराच्या रजिस्ट्रीआधी ओल-बुरशी तपासणीचा दाखला सक्तीचा करावा, तोही कपाटं, दिवाण हलवून. ओलावा मोजायचं दोन टोकांचं मीटर खिशात मावतं. अर्थात मे महिन्यात नागपूरच्या भिंतीत त्यालाही काही सापडायचं नाही. म्हणून मागच्या पावसाळ्यांत गळती झाली का, पूर शिरला का, कुठली भिंत दुरुस्त केली, हे विकणाऱ्याकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घ्यावं आणि खोटं निघाल्यास खर्च त्याच्याकडून वसूल व्हावा. 'कूलरचं पाणी' हे उत्तर तेव्हा सहीनिशी कागदावर असतं, तर आज हे पत्र मी तुम्हाला न लिहिता त्यांना लिहिलं असतं.

— एक सेवानिवृत्त चित्रकला शिक्षक, मनीषनगर, नागपूर