प्रायश्चित्त कोणी घ्यायचे?

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत गुड फ्रायडेनिमित्त आलेला लेख वाचला. पाप एकाने करायचे आणि रक्त दुसऱ्याने सांडायचे हा कुठला न्याय, असे लेखकाने विचारले आहे. येशूला त्यांनी 'बळीचा बकरा' म्हटले आहे. मी खानापूर तालुक्यातली, घरी कोकणी, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड अशी वाढलेली कॅथलिक बाई. ३१ वर्षे मराठी शिकवले, रविवारी मुलांना धर्मशिक्षण दिले. सातवी-आठवीतली मुले दरवर्षी हेच विचारायची, म्हणून या प्रश्नाचा मला राग नाही. पण उत्तर द्यावेसे वाटते.

अर्धा घोळ शब्दाचा आहे. मराठीत प्रायश्चित्त म्हटले की ते चुकलेल्याने घ्यायचे असते: उपास, दान, तीर्थयात्रा. आमच्या ख्रिस्ती धर्मात हाच शब्द आला, पण अर्थ फिरला. ज्याच्याविरुद्ध अपराध घडला, तोच इथे प्रायश्चित्त करतो. बकऱ्याचे म्हणाल तर बायबलच्या जुन्या करारात, लेवीय या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात, प्रायश्चित्ताच्या दिवशी बकरे दोन असत. एकाचा बळी जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून याजक लोकांची पापे कबूल करी आणि त्याला जिवंत रानात सोडले जाई. रोगराई शिवेबाहेर घालवणाऱ्या आपल्या खेड्यांना हे समजायला जड जाऊ नये. मात्र ते दर वर्षी करावे लागे. ख्रिस्ताने ते एकदाच केले, असे बायबलच्या नव्या करारातल्या, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. त्याच पत्रात येशूला देव आणि माणसांमधल्या नव्या कराराचा 'जामीन' म्हटले आहे. हा शब्द मला घरातूनच कळला.

धाकट्या काकांनी पंपासाठी सोसायटीचे कर्ज काढले, आप्पा जामीन राहिले. दोन वर्षे पीक बुडाले, काकांचे हप्ते थकले, नोटीस आमच्या दारात आली. आप्पांनी बैलजोडी विकली. पावती चौपदरी घडी करून त्यांनी देवाच्या कोनाड्यात ठेवली. कर्ज फिटले होते, पण काका आमच्याकडे येईनासे झाले. चर्चलाही ते लांबच्या वाटेने, ओढ्याकडून जात. देणे नव्हते तरी तोंड दाखवायची चोरी होती.

पुढच्या पावसाळ्यात रोपलावणीच्या दिवशी आप्पा काही न बोलता काकांच्या शेतात उतरले आणि त्यांच्या शेजारी वाकून लावणी करू लागले. दुपारी काकूने भाकरी आणली. दोघे बांधावर बसले आणि काकांनी हातातली भाकरी मोडून अर्धी आप्पांना दिली. मी नऊ वर्षांची होते, पाण्याची कळशी घेऊन उभी होते. त्या सुगीपासून काका दर वर्षी भाताचे एक पोते आमच्या ओसरीवर आणून टाकू लागले. कुणी मागितले नव्हते.

येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात जे लिहिले ते मला त्या बांधावर दिसते: देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. रागावलेला देव एका बाजूला आणि मधेच पकडून आणलेला निरपराध माणूस दुसऱ्या बाजूला, असे चित्र काढले तर लेखकाचा आक्षेप बिनतोड आहे. पण आमची श्रद्धा तशी नाही. ख्रिस्त हा देवच, म्हणजे धनकोनेच बैल विकले. हे नेमके कसे घडले यावर आमच्यातही एकमत नाही. माणसाच्या सुटकेसाठी सैतानाला खंडणी दिली असे काही जुने धर्मगुरू म्हणत, तर सैतानाला कसली खंडणी, म्हणून चौथ्या शतकातच नाझियानझसच्या ग्रेगरींनी ते झिडकारले. अकराव्या शतकात अँसेल्म यांनी देवाच्या मानाची भरपाई म्हटले, पुढच्याच शतकात आबेलार यांनी प्रेमावर भर दिला, सोळाव्या शतकात कॅल्विन यांनी न्यायालयाची भाषा वापरली. नायसियाच्या विश्वासांगिकारात, म्हणजे आमच्या श्रद्धेच्या जुन्या कबुलीत, इतकेच आहे की तो आमच्यासाठी, आमच्या तारणासाठी आला. मला हे मोकळेपण बरे वाटते.

लेखकाचे एक वाक्य मात्र मला मान्य नाही. ख्रिस्ती माणूस कबुली देतो आणि मोकळा होतो, म्हणे. पापनिवेदनाला बसलेल्या माणसाने चोरी सांगितली तर ज्याचे घेतले त्याला परत कर, हे फादर सांगतातच. क्षमा झाली म्हणून पोते चुकत नाही. बायबलमधल्या जकातदार जक्कयाने ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देईन म्हटले, अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली. पण कधी? येशू त्याच्या घरी उतरायला निघाल्यावर. लोक नेमका हा क्रम विसरतात, आम्ही ख्रिस्तीसुद्धा.

लेखकाने पुढच्या वर्षी गुड फ्रायडेला दुपारी तीन वाजता आमच्या चर्चमध्ये यावे. त्या दिवशी मिस्सा, म्हणजे आमची नेहमीची मुख्य उपासना, नसते, वेदी उघडी असते. पहिले वाचन जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याचे, दुसऱ्यांच्या अपराधांसाठी सोसणाऱ्या सेवकाविषयीचे, ५२ व्या अध्यायाच्या शेवटापासून ५३ वा संपेपर्यंत. आमच्याकडे ते मराठीतच वाचतात, आणि मागच्या बाकावरही नीट ऐकू येते.

एक निवृत्त शिक्षिका,
ता. खानापूर, जि. बेळगाव