गाळलेला शब्द

चि. बाळास,
सप्रेम सलाम.

परवा फोनवर मी नुसतं "हं, हं" करत राहिलो, कारण आई शेजारीच बसली होती. म्हणून हे पत्र.

"पप्पा, विश्वास उरला नाही, आणि रविवारी चर्चमध्ये पुलपिटवर प्रवचनाला उभं राहायचंय," म्हणालास. मी रागावलेलो नाही.

माझंही ऐक. मंडळीतलं तीन वर्षांचं लेकरू गेलं होतं. पाळक म्हणून खड्ड्याशी उभा राहिलो आणि दफनविधीतले पुनरुत्थानाच्या 'निश्चित आशेनं' हे शब्द तोंडातून फुटेनात. 'निश्चित' गाळून पुढे गेलो. कोणाच्या लक्षात आलं नाही, आईच्या आलं. घरी चहा टाकता टाकता तिनं विचारलं, "शब्द विसरलात, की..." मी म्हणालो, विसरलो. याला एकवीस वर्षं झाली. गाळलेल्या शब्दाचं मला फारसं वाटत नाही. त्या उत्तराचं वाटतं.

मंडळी आपलं दुःख पाळकाकडे आणते. पाळकानं कुठे न्यावं? मदर तेरेसांची खासगी पत्रं 2007 साली छापून आली तेव्हा कळलं, जवळजवळ पन्नास वर्षं त्यांच्या आत अंधारच होता. पण निदान आपल्या फादरांना त्यांनी तो लिहून कळवला होता.

आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक बघ. 1895 चा बाप्तिस्मा, पुढं मिशनची चाकरी, आणि 1917 मध्ये तो पगार सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा स्वतःचा मेळा. त्यांचा ख्रिस्तावरचा विश्वास उडाला नव्हता, तुझी गोष्ट वेगळी. पण मन एकीकडे आणि पगार दुसरीकडे, हे त्यांना जमलं नाही. (त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घर कसं रेटलं असेल, हे आपण पुलपिटवरून कधी सांगत नाही.)

तुझीही अर्धी अडचण घराचीच आहे, मला ठाऊक आहे. बंगला मंडळीचा, झगा उतरवला की किल्लीही द्यायची. सूनबाईला सांग, वरची खोली मी रिकामी करतोय.

या रविवारी स्तोत्र 88 वाच. ते अंधारातच संपतं. त्याला 'पण तरीही' जोडू नकोस, वाचून खाली बस. आजाऱ्यांच्या भेटी चालू ठेव, तिथं बसायला विश्वासाचा दाखला लागत नाही. "प्रभूनं मला सांगितलं" एवढं मात्र म्हणू नकोस.

बिशपांना एवढ्यात काही लिहू नकोस. सोमवारी ये. आज संध्याकाळी मी आईशी बोलणार आहे. तुझं नाही, माझं सांगणार आहे. त्या 'निश्चित'चं.

तुझा,
पप्पा