सांध्यांना अख्खं पान, कातडीला एक ओळ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला संधिवातावरचा लेख वाचला. गुडघ्याची सुबक आकृती आहे, दुधात हळद किती तेही आहे (सांगलीचा पेपर, हळद येणारच!). सोरायसिस म्हणजे अंगावर लाल, खवलेदार चट्टे उठणारा कातडीचा आजार; त्यात काहींचे सांधेही धरतात. या सोरायसिसच्या संधिवाताला मात्र एकच ओळ: त्वचेवर चट्टे दिसतात, पण तो सौंदर्याचा प्रश्न. लेखकमहाशयांना साष्टांग नमस्कार.

या 'सौंदर्या'चं माप घ्यायला त्वचारोगतज्ज्ञांकडे दहा प्रश्न असतात. गेल्या आठवड्यात खाज किती, लाज किती वाटली, बाजारहाट अडला का, चट्टे झाकायला कपडे बदलले का, कामाला खाडा पडला का, नवराबायकोत अडचण आली का, मलमांपायी घर किती माखलं. ३० पैकी १० च्या वर गुण गेले, की जगण्यावर मोठा परिणाम समजतात. सांधेदुखीच्या रुग्णाला विचारायच्या प्रश्नांच्या तक्त्यात मात्र बटण लावता येतं का, नळ फिरवता येतो का, एवढंच. बटण लावता येतं हो, पण अंगाला शर्ट सोसत नाही, हे लिहायला त्यात रकानाच नाही.

'थोडेसेच चट्टे' हाही भ्रमच. बोटांसकट एक तळहात म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. दोन्ही तळहात फुटले तर हिशेबाने २ टक्के, म्हणजे किरकोळ! त्या दोन टक्क्यांनी तासगावच्या बागेत छाटणीची कात्री धरून दाखवा. शिवाय चट्टे लपतात कुठे, तर केसांत, कानामागे, बेंबीत, ढुंगणाच्या फटीत. हाडांच्या डॉक्टरपुढे ते कोण दाखवणार? लेखात सुचवलेली आरए फॅक्टरची (आमवातासाठी करतात ती रक्ताची) तपासणी या संधिवातात बहुधा निगेटिव्हच येते आणि माणूस 'काही नाही' ऐकून घरी जातो. नखांवर सुईने टोचल्यासारखे खळगे ही सोरायसिसची खूण; ते आहेत का, एवढं तरी बघा.

आता लेखातला सल्ला: खसखसून मालिश, वर घट्ट पट्टा. सोरायसिसमध्ये कातडी जिथे घासते, खरचटते, तिथे बहुधा दहा-वीस दिवसांत नवा चट्टा उठू शकतो. पट्टा लागणारच असेल तर खाली मऊ सुती कापड घ्यावं, वेल्क्रोची कड कातडीला लागू देऊ नये आणि चट्ट्यावर चोळू नये. मलमाचीही अडचणच. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर निघालेली रेघ, सुमारे अर्धा ग्रॅम, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. पण बोटं सुजलेल्याला टोपण फिरवता येत नाही, ट्यूब दाबता येत नाही, खांदा आखडलेल्याचा हात पाठीला पोहोचत नाही. मग मलम लागत नाही आणि दोष 'औषधाला गुण नाही' म्हणून औषधाला. घरातल्या कुणाला तरी लावायला शिकवा, हे एक वाक्य लेखात बसलं असतं.

दुखणं थांबावं म्हणून परस्पर स्टिरॉइडच्या गोळ्या खाऊन त्या एकदम सोडल्या, तर अंगभर पुवाच्या पुळ्या उठू शकतात. सांधे आणि कातडी दोन्हींना चालणारं मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. दोन डॉक्टर, दोन फायली, आणि या गोष्टी कुठल्याच फायलीत नीट लिहिलेल्या नसतात.

जाता जाता: त्याच पानावर तळाशी 'संधिवात मुळासकट बरा' अशी तेलाची जाहिरात आहे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात ज्या आजारांवर असे दावे छापायला बंदी आहे, त्या यादीत संधिवातही आहे. कातडीसाठी जागा नव्हती म्हणता, ती या तेलाला कशी सापडली?

– एक फिजिओथेरपिस्ट, विश्रामबाग, सांगली