ख्रिश्चन रॉकचं नाव कधी येणार?

संपादकसाहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत रॉकवर अधूनमधून लेख येतात, मी न चुकता वाचतो. बीटल्स झाले, पिंक फ्लॉइड तर किती वेळा झाले, मेटॅलिका पण येऊन गेलं. पण ख्रिश्चन रॉक, म्हणजे येशूवरच्या श्रद्धेतून केलेलं रॉक, म्हणून अख्खा एक प्रकार आहे त्याचं नावसुद्धा कधी दिसलं नाही, म्हणून हे पत्र.

मला हा प्रकार सापडला तो चुकून. कॉलेज नुकतंच लागलेलं, मित्राने एमपीथ्रीची सीडी दिली, त्यात पीओडी या अमेरिकन बँडचा 'सॅटेलाइट' अल्बम होता. जड गिटार, मधेच रॅप, मधेच ओरडणं, मला वाटलं लिंकिन पार्कच्या भाऊबंदांपैकी असतील कोणीतरी. (हा अल्बम आला 11 सप्टेंबर 2001 ला, म्हणजे न्यूयॉर्कचे टॉवर पडले त्याच दिवशी, ते पण मला खूप नंतर कळलं.) वर्षभर ऐकला आणि मग एकाने सांगितलं की अरे हे तर धार्मिक बँड आहे. खरं सांगतो, फसवल्यासारखं वाटलं, आपण इतके दिवस नकळत प्रवचन ऐकत होतो की काय! दोन दिवस लावलाच नाही. तिसऱ्या दिवशी लावला तर गिटार तीच होती.

मग मागे मागे खोदत गेलो. जार्स ऑफ क्ले या बँडचा 1995 चा पहिला अल्बम मिळाला, त्यातले दोन ट्रॅक किंग क्रिमसन या नावाजलेल्या रॉक बँडमधल्या गिटारवाल्या एड्रियन बेलूने प्रोड्यूस केलेत हे वाचून तर उडालोच. आणि मग लॅरी नॉर्मन, ख्रिश्चन रॉकच्या सुरुवातीच्या काळातला अमेरिकन गायक. हा माणूस तुमच्या लेखकांनी एकदा तरी ऐकावा. 1972 चा 'ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट' लंडनला बीटल्सच्या प्रोड्यूसरच्या, जॉर्ज मार्टिनच्या एअर स्टुडिओत रेकॉर्ड झालाय, आणि त्यात नुसतं देवाचं नाव घेणं नाहीये, व्हिएतनाम आहे, वर्णद्वेष आहे, चंद्रावर पैसे उधळणाऱ्या सरकारला सुनावणं आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा अल्बम जतन करायच्या यादीत घेतला, आपल्याकडे त्याच्यावर दोन ओळी नाहीत.

या ख्रिश्चन रॉकवाल्या बिचाऱ्यांची गोची अशी की बाकीचे रॉकवाले म्हणतात हे उपदेश करतात, आणि चर्चवाले म्हणायचे ही सैतानाची गाणी. जिमी स्वॅगर्ट या टीव्हीवरच्या धर्मोपदेशकाने 1987 मध्ये या संगीताच्या विरोधात पुस्तकच काढलं (1988 मध्ये स्वतःच्याच भानगडीपायी टीव्हीवर रडून माफी मागायची वेळ आली, ते असो).

सगळंच भारी आहे असं मी म्हणत नाही हां. बराच माल सरळ सरळ नक्कल आहे. अमेरिकेतल्या ख्रिश्चन दुकानांत म्हणे तक्ते लावलेले असायचे, अमुक बँड आवडतो ना मग त्याच्याऐवजी हा आमचा ऐका. आता असा बदली म्हणून बनवलेला बँड किती दिवस टिकणार, दुसऱ्यांदा ऐकताना कंटाळा येतो. पण नकली माल कुठल्या जॉनरमध्ये नाही? म्हणून तर नीट परीक्षण करणारा माणूस पाहिजे, कोणता अल्बम खरा आणि कोणता तक्त्यातला हे सांगणारा. पेट्रा या बँडने 1972 पासून सुरुवात केली, स्विचफूट या बँडचा 'द ब्यूटिफुल लेटडाउन' 2003 चा, एवढ्यातच तीस वर्षांचा मसाला आहे, एक लेखमाला सहज निघेल.

स्ट्रायपर या ख्रिश्चन मेटल बँडला मात्र कुठे बसवायचं ते तुम्हीच ठरवा. अंगभर पिवळे-काळे पट्टे, फुगवलेले केस आणि स्टेजवरून लोकांत बायबल फेकणारे हे चौघे बघितले की मला आजही हसू येतं. पण त्यांच्या 1986 च्या 'टू हेल विथ द डेव्हिल' अल्बममधले गिटारचे सोलो लागले की आवाज मीच वाढवतो.

आपला,
एक जुना वाचक