एकक लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. 'भौतिकशास्त्राचे प्रश्न आले की मी वाचायच्या आधीच सोडून देतो' हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो. तुझ्या वहीची जी पानं पाठवलीस तीही नीट पाहिली. मेहनत दिसते आहे. पण एका ओळीत लिहिलंयस, 'मुक्तिवेग ११.२', म्हणजे पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग. अकरा पूर्णांक दोन काय? किलोमीटर दर सेकंदाला की मीटर दर सेकंदाला? पुढे एककच नाही. सुहास, तुझं घोडं अडलंय ते इथे.

माझीही पहिल्या सराव परीक्षेत याच जागी चूक झाली होती. प्रकाशवर्ष हे कशाचं एकक, असा सरळ प्रश्न होता आणि मी 'काळ' लिहून आलो, कारण शब्दात 'वर्ष' होतं. प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. तोच वर्षभर चालत राहिला तर जे अंतर कापेल ते प्रकाशवर्ष, म्हणजे अंदाजे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. तेव्हापासून मी एककाशिवाय एकही आकडा वहीत लिहिला नाही. एकक समोर असलं की राशी कोणती, म्हणजे आपण अंतर मोजतोय, काळ की वेग, हे आपोआप कळतं आणि निम्मे पर्याय तिथेच गळून पडतात.

आपल्याला नडतात ते रोजच्या बोलण्यातले शब्द. 'माझं वजन साठ किलो' असं आपण सगळेच म्हणतो. परीक्षेच्या भाषेत ते वस्तुमान झालं. वजन म्हणजे पृथ्वी तुला ज्या बलाने ओढते ते. ते न्यूटनमध्ये मोजायचं: ६० गुणिले ९.८, म्हणजे ५८८ न्यूटन. चंद्रावर गेलास तर वस्तुमान ६० किलोच राहील, वजन मात्र सहाव्या हिश्शावर, ९८ न्यूटनच्या आसपास येईल. ध्रुवावर वजन विषुववृत्तापेक्षा किंचित जास्त, पृथ्वीच्या केंद्राशी शून्य. हे चार प्रश्न वेगवेगळे म्हणून पाठ केलेस तर गोंधळ उडणारच. 'ओढ किती?' एवढंच विचार, चारही सुटतील. लिफ्टचा प्रश्नही याच घरातला. कधी वजनकाटा घेऊन लिफ्टमध्ये उभा राहून बघ. वर निघताना काटा क्षणभर पुढे सरकतो, मग लिफ्ट एकाच वेगाने जायला लागली की मुकाट्याने जागेवर येतो, आणि थांबताना थोडा मागे जातो. फरक पडतो तो त्वरणामुळे, म्हणजे वेग बदलण्यामुळे, नुसत्या वेगामुळे नाही.

'शक्ती' हा असाच फसवा शब्द. बोलताना आपण बल, ऊर्जा, ताकद सगळ्याला शक्तीच म्हणतो. इथे शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर, एकक वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. पण विजेच्या बिलावरचं 'युनिट' हे किलोवॅट-तास, आणि ते ऊर्जेचं एकक आहे. १००० वॅटचा हीटर तासभर चालला की एक युनिट, म्हणजेच ३६ लाख ज्यूल. हा प्रश्न फिरूनफिरून येतो.

उष्णता आणि तापमान यांतला फरक मला पुस्तकातून कधीच उमगला नव्हता. एका दुपारी पेल्यात बर्फाचा चुरा घेतला, त्यात तापमापी उभी केली आणि ढवळत बसलो. खोली गरम, पेल्याला बाहेरून घाम फुटलेला, बर्फ डोळ्यांदेखत विरघळतोय, आणि पारा शून्यावरून हलायला तयार नाही. अर्धा तास गेला तरी शून्यच. शेवटचा बर्फाचा तुकडा नाहीसा झाला तेव्हा कुठे पारा वर चढू लागला. आत शिरलेली सगळी उष्णता बर्फाचं पाणी करण्यात खर्च होत होती. हीच अप्रकट उष्मा. १ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेत शून्य अंशाचं १ ग्रॅम पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं! आणि १०० अंशाच्या पाण्याची वाफ व्हायला ग्रॅममागे ५४० कॅलरी. आता सांग, उकळत्या पाण्यापेक्षा वाफेने जास्त का भाजतं, हे पाठ करायची गरज उरली का? वाफ त्वचेवर आली की तिचं पाणी होताना त्या ५४० कॅलरी तिथेच सोडते.

प्रकाशाचंही तसंच. आकाश निळं का, धोक्याचा दिवा लाल का, मावळता सूर्य तांबडा का, चंद्रावरून आकाश काळं का दिसतं, असे चार प्रश्न तू चार ठिकाणी लिहिलेस. चारही विकिरणाचे, म्हणजे प्रकाश विखुरण्याचे आहेत. तरंगलांबी जितकी कमी तितका प्रकाश हवेच्या रेणूंवरून जास्त विखुरतो. निळा लालपेक्षा पाच-सहा पटींनी अधिक. लाल कमी विखुरतो म्हणून दूरवर पोहोचतो. चंद्रावर वातावरणच नाही, मग विखुरणार कोण? हाच धागा धरून रामन यांचं नाव लक्षात ठेव: २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध प्रकाशाच्या विकिरणाचाच, नोबेल १९३० चं. आइन्स्टाइन यांना १९२१ चं नोबेल प्रकाशविद्युत परिणामासाठी, म्हणजे प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात त्याच्या स्पष्टीकरणासाठी मिळालं. सापेक्षतेचा पर्याय पाहून पुष्कळ जण तिथे घसरतात.

ध्वनीला फार वेळ देऊ नकोस. त्याला माध्यम लागतं, निर्वातात तो जात नाही, आणि हवेपेक्षा पाण्यात व पाण्यापेक्षा पोलादात जास्त वेगाने जातो. प्रकाशाचं नेमकं उलटं, तो निर्वातातच सर्वांत वेगवान. हे दोन्ही शेजारी-शेजारी लिहून ठेव.

तुझी पानं सोबत परत पाठवतो आहे. एकक नसलेल्या प्रत्येक आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केला आहे. मोजले तर एकेचाळीस भरले. नवीन काही वाचू नकोस, आधी एवढे भरून मला पाठव. आरसे आणि भिंगं पुढच्या पत्रात घेऊ.

घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझा,
विनय