सूर्य गिळायला टपलेला साप

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

मावशींना आधी सांगून टाक, १३ एप्रिल २०२९ ला काहीही बुडणार नाही. त्या दिवशी आकाशातून दगड आदळून जग बुडणार, असा जो फॉरवर्ड फिरतोय तो माझ्याकडेही येऊन गेला. त्यात खरं एवढंच, की त्या शुक्रवारी अपोफिस नावाचा लघुग्रह जमिनीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाणार आहे. आपले टीव्हीचे उपग्रह ३५,८०० किलोमीटरच्या आसपास फिरतात, म्हणजे हा त्यांच्याही आतून जाणार. अंगावर काटा येतो खरा. पण धडकणार नाही. २०२१ मध्ये रडारने त्याची कक्षा इतकी नेमकी मोजली की पुढची निदान शंभर वर्षं त्याची धास्ती उरलेली नाही.

मी अडकलोय तो ज्याचं नाव या लघुग्रहाला दिलंय त्या इजिप्तच्या पुराणातल्या मूळ सापात. इजिप्शियन लोक त्याला आपेप म्हणत, अपोफिस हे ग्रीकांनी केलेलं रूप. सूर्यदेव रा मावळला की नावेत बसून पाताळातून रात्रीचे बारा तास प्रवास करतो, आणि वाटेत हा धूड आडवा. रा अडला तर सकाळच होणार नाही. आणि नावेच्या पुढच्या टोकाला भाला रोखून उभा कोण, तर सेत! अरे, ओसायरिसचा, सख्ख्या भावाचा, जीव घेणारा तोच हा. वाळवंट, वादळ, सगळ्या दंग्याधोप्याचा देव. भाऊबंदकीत सगळ्यांना नकोसा झालेला काका घरात साप निघाला की काठी घेऊन पहिला पुढे होतो ना, तसलं प्रकरण. म्हणजे इजिप्तला गोंधळाचे देव दोन होते. एकाशी जमवून घेता यायचं, दुसऱ्याशी कधीच नाही.

आपेपला देऊळ नाही, नैवेद्य नाही. त्याच्याविरुद्ध मात्र साग्रसंगीत विधी. इ.स.पू. चौथ्या शतकातला ब्रेम्नर-ऱ्हिंड पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचा लेख, ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात सगळं पोथीसारखं सांगितलंय. मेणाचा आपेप करायचा, त्यावर त्याचं नाव कोरायचं. कोऱ्या पपायरसवर हिरव्या शाईने त्याचं चित्र काढायचं. मग चार वेळा थुंकायचं, डाव्या पायाने तुडवायचं, सुरी चालवायची आणि विस्तवात टाकायचं. हे कर्नाकच्या अमुन-राच्या देवळात रोजच्या रोज. कारण आपेप मरत नाही. आज त्याचे तुकडे केलेत, उद्या रात्री तो पुन्हा हजर. देर अल-मदिनाच्या एका थडग्यात तर रा स्वतः मांजराच्या रूपात, पंज्यात सुरी धरून, झाडाखाली सापाचा गळा कापताना रंगवलाय. कान सशासारखे लांब, चेहऱ्यावर भाव मात्र भाजी चिरत बसल्याचा. फोटो पाठवतो, बघच.

ग्रहण म्हणजे आपेपने सूर्य गिळला, असं हल्ली सर्रास लिहितात. आपल्याला राहू ओळखीचा, त्यामुळे आपणही लगेच मान डोलावतो. पण ग्रहणाबद्दल इजिप्शियन लिखाण कमालीचं गप्प आहे. त्यांची खरी काळजी रोजच्या रात्रीची. मला ती जास्त पटते.

आता लघुग्रहाकडे. १९ जून २००४ ला अ‍ॅरिझोनातल्या किट पीक वेधशाळेतून तो दिसला. डिसेंबर उजाडेतो आकडे भलतेच वर गेले. २७ डिसेंबरला २०२९ च्या टकरीची शक्यता २.७ टक्क्यांवर, म्हणजे ३७ मध्ये १. एवढी कुठल्याच मोठ्या लघुग्रहाची तोवर निघाली नव्हती. पण आदल्याच दिवशी त्सुनामी येऊन गेलेली, जगाचं लक्ष तिकडे. आणि त्याच दिवशी मार्च महिन्यातल्या जुन्या छायाचित्रांत तो ठिपका सापडला, कक्षा सुधारली आणि टक्कर टळली. म्हणजे आकाशात काहीच बदललं नव्हतं, आपलं गणित तेवढं नीट झालं. अशा दगडांचे वेध आजही रोज रात्री घेतले जातात. कर्नाकचे पुजारी असते तर त्यांना यात नवल वाटलं नसतं.

नाव ठेवणाऱ्यांच्या डोक्यात मात्र पपायरस कमी आणि एका टीव्ही मालिकेतला खलनायक जास्त होता म्हणे. असो. पुढची नावं तरी विचारपूर्वक आली. बेन्नू या लघुग्रहावरची माती नासाच्या यानाने २०२३ मध्ये आणून दिली. बेन्नू म्हणजे राचा पवित्र पक्षी, बगळ्यासारखा, आणि ते नाव एका नऊ वर्षांच्या मुलाने सुचवलं होतं. तेच यान आता अपोफिसकडे निघालंय. युरोपने अपोफिसकडे पाठवायच्या आपल्या यानाचं नाव रामसेस ठेवलंय, इजिप्तच्या फेरोंचं, म्हणजे राजांचं नाव. पक्ष्याकडून सापाकडे, सोबत फेरो! कथाकाराने रचलं असतं तर आपणच म्हटलं असतं, फार जुळवलंस रे.

अपोफिस सगळ्यात जवळ येईल तेव्हा आपल्याकडे १४ एप्रिलचे पहाटेचे सव्वातीन वाजलेले असतील. कैरोत मध्यरात्रीला पाव तास कमी. युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून तो नुसत्या डोळ्यांनी सरकताना दिसेल, ध्रुवताऱ्यापेक्षा फार मंद नाही. साधारण साडेतीनशे मीटरचा, बहुधा भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराचा दगड.

पण त्याआधी २ ऑगस्ट २०२७ आहे. खग्रास सूर्यग्रहण, आणि त्याची सावली थेट लक्झरवरून जाणार. कर्नाक तिथेच! भरदुपारी, सूर्य जवळजवळ डोक्यावर असताना सहा मिनिटांहून जास्त अंधार. ऑगस्टमधलं तिथलं ऊन जीव काढेल आणि हॉटेलवाले काय भाव लावतील ते विचारू नकोस. तरी मी जायचं ठरवलंय. तुझ्या रजेचं काय ते लवकर कळव, म्हणजे दोघांची तिकिटं एकदमच काढतो. वहिनी येणार असतील तर उत्तमच, दुर्बिणीची पिशवी धरायला मला तुझ्यापेक्षा त्यांचा भरवसा जास्त आहे.

तुझा,
श्रीकांत