कुठे कमी पडलो, एवढे तरी कळावे

महोदय,

आमच्या सोसायटीत माझ्या यजमानांना सगळे 'कर्नलसाहेब' म्हणतात. ते निवृत्त झाले लेफ्टनंट कर्नल म्हणून. पुढची पायरी तीनदा हुकली, हे फक्त घरात माहीत आहे.

लष्करात लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती सेवेच्या वर्षांवर मिळते. दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. कर्नलपदापासून सिलेक्शन बोर्ड लागतो. एक पहिली संधी आणि मग दोन रिव्ह्यू, म्हणजे फेरविचार. बोर्डापुढे अधिकाऱ्याचे नाव झाकलेले असते. 2009 साली आलेल्या पद्धतीत 100 पैकी 95 गुण नोंदींचे, म्हणजे गोपनीय अहवाल, कोर्स, पदके यांचे होते, आणि 5 बोर्डाच्या मताचे. जागा थोड्या, त्यामुळे चांगली माणसेही मागे राहणार, हे आम्हा बायकांनाही ठाऊक असते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार अहवालाबद्दल आहे. तो साधारण तीन वरिष्ठ लिहितात. पहिल्याने दिलेले गुण अधिकाऱ्याला दाखवतात. वरच्या दोघांनी काय दिले ते कळत नाही, शेरा प्रतिकूल असेल तरच कळवतात. आता 9 पैकी 7 म्हणजे प्रतिकूल नव्हे, चांगलाच शेरा. पण कोर्समेटना, म्हणजे त्याच बॅचच्या अधिकाऱ्यांना, 8 आणि 9 असतील तर तोच सात बोर्डात माणसाला मागे टाकतो, आणि त्याला त्याचा पत्ता नसतो.

2008 साली देवदत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी नोकराला त्याच्या अहवालातली प्रत्येक नोंद, चांगलीसुद्धा, कळवली पाहिजे. त्याच निकालात लष्करी अधिकाऱ्यांना मात्र वगळले. माझे धाकटे दीर राज्य सरकारच्या नोकरीत. त्यांच्या हातात अहवालाची प्रत पडते. सीमेवर उभ्या राहिलेल्या थोरल्या भावाच्या हातात नाही.

शेवटच्या रिव्ह्यूचा निकाल आला तेव्हा आम्ही ईशान्येकडे होतो. शेजारी पेढे वाटले जात होते. हे तिथे गेले, मनापासून अभिनंदन करून आले, आणि रात्री जुन्या डायऱ्या काढून बसले. कुठल्या पोस्टिंगवर, कुठल्या साहेबांशी काय बिनसले, हे शोधत. पुढे कित्येक रात्री तसेच. मुलगी तेव्हा दहावीला होती, तिच्या टेबलाचा दिवा हे वापरायचे.

महिला अधिकाऱ्यांच्या कर्नलपदासाठी कुठपर्यंतचे अहवाल धरायचे, यावरून नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बोर्ड पुन्हा घ्यायला सांगावे लागले. म्हणजे चूक होऊ शकते. दाद मागायला लष्करी न्यायाधिकरण आहे, पण आपल्याला कोणी किती गुण दिले हेच माहीत नसलेला माणूस नेमकी कशावर दाद मागणार?

शेवटचा रिव्ह्यू संपला की अधिकाऱ्याला तिन्ही वरिष्ठांनी दिलेले गुण वर्षवार लेखी द्यावेत. वरिष्ठांची नावे हवी तर झाकावीत.

एका निवृत्त अधिकाऱ्याची पत्नी, पुणे